माइनक्राफ्ट सर्व्हरवर होम सेट करताना या चुका टाळा

सर्व्हायव्हल सर्व्हरच्या मदत चॅनेलमध्ये एक तक्रार सतत येते : ‘माझं होम गेलं.’ होम म्हणजे सर्व्हरवर जतन केलेली तुमची जागा : /सेटहोम मारून ती ठरवायची, /होम मारलं की थेट तिथे पोचायचं. खरं तर हे होम सहसा कुठेही जात नाही. खेळाडूने नकळत ते दुसरीकडे हलवलेलं असतं, नाहीतर ते ज्या जगात होतं ते जगच बदललेलं असतं. कधीकधी तर सर्व्हर त्या खेळाडूला भलताच कोणीतरी समजत असतो. कारण कळलं तर यातली बरीच होम्स परत मिळतात. पण गोंधळून लगेच चार कमांड मारल्या की परतीच्या वाटाही बंद होतात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. साध्या माइनक्राफ्टमध्ये होम नावाची कमांडच नाही. तिथे फक्त टेलिपोर्ट करणारी, म्हणजे एका जागेवरून थेट दुसरीकडे नेणारी /टीपी आहे आणि तीही ऑपरेटरलाच वापरता येते. होमची सोय प्लगइनमुळे, म्हणजे सर्व्हरवर वरून टाकलेल्या जोड-प्रोग्राममुळे मिळते. जावा एडिशनच्या सर्व्हरवर बहुतेक ठिकाणी ‘एसेन्शियल्स एक्स’ हे प्लगइन असतं, म्हणून इथली उदाहरणं त्याचीच आहेत. तुमच्या सर्व्हरवर दुसरं प्लगइन असेल तर कमांडची नावं थोडी बदलतील, चुका मात्र याच असतील. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. चॅटमध्ये त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.

तुम्ही /सेटहोम म्हणता तेव्हा सर्व्हरवर तुमच्या फाइलमध्ये एक छोटी नोंद होते. त्यात जग कोणतं, एक्स, वाय, झेड हे तीन आकडे आणि तुमची मान कुठे वळली होती त्याचे दोन आकडे एवढंच असतं. घर, चेस्ट, आजूबाजूच्या भिंती, जमिनीवरचा तुमचा हक्क यांची त्या नोंदीला काहीच खबर नसते. घर जळालं, डोंगर कापला गेला, तिथे लाव्हा आला, तरी नोंद तशीच राहते आणि तुम्हाला तिथेच नेऊन उभं करते. पुढच्या निम्म्या अडचणी यातूनच येतात.

नाव न देता /सेटहोम मारणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. नाव न देता नुसतं /सेटहोम टाइप केलं तर प्लगइन त्या जागेला ‘होम’ हेच नाव देतं. पहिल्या दिवशी बेसवर, म्हणजे तुमच्या मुख्य घरी, तुम्ही असंच केलेलं असतं. मग काही आठवड्यांनी खाली वाय उणे ५९ वर खाणीत हिऱ्यांचा झुबका सापडतो, पिकॅक्स तुटायला आलेली असते, आणि ‘इथे परत यायचंय’ म्हणून घाईत पुन्हा नुसतं /सेटहोम. चॅटमध्ये होम सध्याच्या जागी सेट झाल्याची एक ओळ येते. जुनं होम पुसलं गेल्याचं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं. पुढच्या वेळी /होम मारलं की तुम्ही काळोख्या खाणीत उभे, आणि बेस हजारो ब्लॉक लांब कुठेतरी.

होम बदलण्याआधी ‘खात्री आहे का’ असं विचारणारी एक सेटिंग या प्लगइनमध्ये आहे, पण ती मुळात बंद असते. तुम्ही स्वतः सर्व्हर चालवत असाल तर ती आजच सुरू करा. त्या एका ओळीने मदत चॅनेलमधली बरीच रडारड कमी होईल.

चूक होऊन गेली असेल तर थांबा, आणि दुसरा कुठलाही टेलिपोर्ट करू नका. /बॅक ही कमांड शेवटच्या टेलिपोर्टच्या आधीची जागा लक्षात ठेवते. बेसवरून /होम किंवा /वॉर्प (सर्व्हरने ठरवलेल्या जागी नेणारी कमांड) मारून तुम्ही खाणीत आला असाल, तर /बॅक तुम्हाला सरळ बेसवर नेऊन सोडेल. मध्येच घाबरून /स्पॉन (सर्व्हरच्या सुरुवातीच्या जागी नेणारी कमांड) मारलंत, तर ती जागा विसरली जाते आणि हा रस्ता बंद होतो.

चालत आला असाल तर बिछाना आठवा. बेसवर तुम्ही शेवटचे झोपला असाल आणि सर्व्हरने परवानगी दिली असेल, तर /होम बेड टाकून तिथे जाता येतं. परवानगी नसेल तर आणखी एक मार्ग आहे. सगळं सामान खाणीतच एका चेस्टमध्ये ठेवायचं आणि मुद्दाम मरायचं. बिछाना शाबूत असेल तर तुम्ही बेसवर जागे व्हाल. सामानाची चिंता नको, कारण चुकून सेट झालेलं होम आता त्याच खाणीत आहे आणि /होम मारून ते आणता येतं. फक्त दोन गोष्टी आधी बघून घ्या. एक, मेल्यावर अनुभवाचे गुण बहुतांश जातात; लेव्हल कितीही असली तरी जास्तीत जास्त १०० गुणच खाली पडतात. दुसरं, काही सर्व्हरवर मेल्यावर बिछान्याऐवजी सगळ्यांना स्पॉनवर आणतात. तिथे हा उपाय चालणार नाही.

हेही जमलं नाही तर जुने स्क्रीनशॉट चाळा. एफ २ दाबून काढलेले फोटो गेमच्या स्क्रीनशॉट फोल्डरमध्ये तारखेच्या नावाने पडून असतात. त्यातल्या एखाद्यात एफ ३ चा पडदा उघडा असेल, तर बेसचे कोऑर्डिनेट्स तिथेच मिळतील. यापुढे मात्र बेसचे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. खेळाबाहेर लिहून ठेवलेले आकडे कुठल्याही कमांडने पुसले जात नाहीत.

नाव देतानाची खाचखोच

नाव दिलं तरी काही नावं चालत नाहीत. नुसता आकडा नाव म्हणून घेतला जात नाही. /सेटहोम १ म्हटलं की नाव चुकीचं असल्याचा संदेश येतो. ‘बेड’ हे नावही राखीव आहे, ते तुमच्या बिछान्यासाठी असतं. नावात स्पेस देऊ नका, शब्द जोडून लिहा.

मूळ सेटिंगमध्ये, एकाहून जास्त होम्सची परवानगी दिलेली असेल तर, साध्या खेळाडूला ३ होम्स आणि वरच्या दर्जाच्या खेळाडूंना त्याहून जास्त, अशी सोय असते. तुमच्या सर्व्हरचा आकडा वेगळा असू शकतो. मर्यादा संपली की नवं नाव नाकारलं जातं, पण जुन्याच नावावर पुन्हा सेट करायला काहीच अडत नाही. म्हणजे मर्यादा भरलेला खेळाडू घाईत असला की जुनं होम पुसण्याची शक्यता आणखी वाढते. तीन होम्स असतील तर माझं ठाम मत असं : एक बेसचं, ज्याला कधीच हात लावायचा नाही. एक शेताचं किंवा मॉब फार्मचं (मॉब म्हणजे गेममधले प्राणी आणि शत्रू). आणि तिसऱ्याला ‘तात्पुरतं’ असंच नाव द्या, रोज हवं तिथे हलवा. खाण, किल्ला, मित्राचं गाव, सगळं या तिसऱ्यावर. नावातच तात्पुरतं असल्यामुळे ते पुसताना हात थरथरत नाही आणि बेसचं होम सुरक्षित राहतं.

/होम मारलं आणि स्पॉनवर आलो

ही दुसरी मोठी तक्रार. बहुतेकांना वाटतं टेलिपोर्ट बिघडलाय. खरं कारण असं की तुमच्या नावावर एकही होम नसेल तर हे प्लगइन, मूळ सेटिंगप्रमाणे, तुम्हाला स्पॉनवर नेतं. म्हणून आधी यादी बघा. एकाहून जास्त होम्स असतील तर नुसतं /होम म्हटल्यावर नावांची यादी येते. एकच असेल तर थेट तिथे पोचता. स्पॉनवर आलात, म्हणजे सर्व्हरच्या लेखी तुमच्या नावावर काहीच नाही.

मग ती होम्स गेली कुठे? सहसा ती दुसऱ्या ओळखीखाली असतात. होम्सची फाइल खेळाडूच्या नावाने नसते, ती यूयूआयडी नावाच्या लांबलचक ओळखक्रमांकाने साठवलेली असते. विकत घेतलेल्या अकाउंटवर नाव बदललं तरी हा क्रमांक तोच राहतो. पण आपल्याकडे मित्रामित्रांचे बरेच सर्व्हर ऑफलाइन मोडवर चालतात, जिथे विकत घेतलेलं अकाउंट लागत नाही. तिथे हा क्रमांक थेट नावावरून बनतो, आणि त्यात लहानमोठ्या अक्षरांचाही फरक पडतो. नव्या फोनवर किंवा भावाच्या लॅपटॉपवर लाँचर टाकताना नावाचं पहिलं अक्षर कॅपिटलऐवजी स्मॉल पडलं, की सर्व्हरसाठी तुम्ही नवे खेळाडू. होम्स नाहीत, सामान नाही, पैसे नाहीत. उपाय अगदी सोपा आहे : बाहेर पडा, जुनं नाव अक्षरन् अक्षर तसंच टाका आणि परत या. सगळं जागच्या जागी असतं.

मोबाइलवरच्या बेडरॉक एडिशनमधून ‘गायझर’च्या आधारे जावा सर्व्हरवर येणाऱ्यांचंही तेच. मोबाइलवरचं अकाउंट आणि कॉम्प्युटरवरचं अकाउंट या सर्व्हरसाठी दोन वेगळ्या व्यक्ती. दोन्ही जोडण्याची सोय काही सर्व्हर देतात, ॲडमिनला विचारा. आणि लॉबी, सर्व्हायव्हल, स्कायब्लॉक असे अनेक विभाग असलेल्या नेटवर्कवर आधी बघा की तुम्ही लॉबीतच तर उभे नाही ना. लॉबीला तुमची सर्व्हायव्हलमधली होम्स बहुतेक वेळा माहीतच नसतात.

जागा निवडताना

बेसच्या छोट्या खोलीत उभं राहून होम सेट केलं. पुढे जागा कमी पडली म्हणून त्याच ब्लॉकवर चेस्ट ठेवली, वर दुसरी ठेवली. दुसऱ्या दिवशी /होम मारलं आणि तुम्ही घराच्या छतावर, पावसात. हा बिघाड नाही. ठरलेली जागा अडलेली किंवा धोक्याची दिसली तर प्लगइन जवळची सुरक्षित जागा शोधतं आणि तिथे उतरवतं. ही काळजी घेणारी सेटिंग ॲडमिनने बंद केली असेल, तर तीच चेस्ट जास्त महागात पडते. म्हणून होमसाठी एक ब्लॉक कायमचा मोकळा ठेवा, त्यावर दोन ब्लॉक उंचीची रिकामी जागा ठेवा, आणि तो वेगळ्या रंगाचा करा. लाल वूलचा एक चौकोन पुरेसा आहे. घरात येणाऱ्या मित्रांनाही कळतं की इथे काही ठेवायचं नाही.

नेदर या पाताळासारख्या दुसऱ्या जगात नेणाऱ्या पोर्टलच्या आत उभं राहून होम सेट करू नका, पोचता पोचता परत दुसऱ्या जगात फेकले जाल. प्रेशर प्लेट, ट्रॅपडोअर, नांगरलेली जमीन आणि खाली पोकळी असलेली वाळूही टाळा. जागा उजळलेली ठेवा. आवृत्ती १.१८ पासून सामान्य जगात बहुतेक शत्रू मॉब फक्त शून्य उजेडातच तयार होतात, त्यामुळे दोन टॉर्चमध्ये छोटी खोली सुरक्षित होते. तरी बाहेरून चालत येणाऱ्या क्रीपरला दार लागतंच.

नेदरमध्ये होम हवंच असेल तर चारही बाजूंनी आणि वरून कॉबलस्टोनची खोली बांधा, तिथल्या घास्ट या उडत्या शत्रूच्या आगीच्या गोळ्याने कॉबलस्टोन फुटत नाही. नेदरच्या छतावर, म्हणजे वाय १२८ च्या वर, होम ठेवण्याआधी नियम वाचा. काही सर्व्हर तिथे उभं राहिल्यावर इजा होईल अशी सेटिंग ठेवतात. आणि तिथे बिछाना लावून झोपायचा विचार कोणी करत असेल तर नको. नेदरमध्ये आणि एंडमध्ये बिछान्याचा स्फोट होतो.

इंटरनेट मंद असेल तर पोचल्यावर आजूबाजूची जमीन दिसेपर्यंत हलू नका.

वाट बघायच्या त्या काही सेकंदांत

बऱ्याच सर्व्हरवर /होम मारल्यावर ३ किंवा ५ सेकंद थांबावं लागतं आणि ‘हलू नका’ असा संदेश येतो. मान इकडेतिकडे वळवली तर चालतं. पाऊल सरकलं किंवा मार बसला की टेलिपोर्ट रद्द. खेळाडूला वाटतं मी तर हललोच नाही. पण वाहत्या पाण्यात उभं असलं की पाणी ढकलतं, गोठ्यात उभं असलं की गाय ढकलते. कोपऱ्यात, कोरड्या जमिनीवर उभे राहा, दोन ब्लॉक लावून स्वतःला बंद करून घ्या आणि मग कमांड मारा. भांडणाच्या मध्यात तर अनेक सर्व्हर टेलिपोर्ट पूर्ण बंदच ठेवतात, तिथे होमच्या भरवशावर लढाईत उतरू नका.

घोड्यावर किंवा बोटीत बसून /होम मारलं तर एक तर नकार मिळतो, नाहीतर तुम्ही एकटेच पोचता आणि घोडा तिथेच रानात राहतो. कुत्र्यामांजरांचंही तसंच. त्यांना आधी बसवा, मग जा, म्हणजे परत आल्यावर निदान सापडतील.

मेल्यावर होम आणि बॅकचा क्रम

इथे अनुभवी खेळाडूही फसतात. मेल्यावर /बॅक वापरायची परवानगी असेल तर ती तुम्हाला मृत्यूच्या जागी नेते. पण मेल्यावर तुम्ही स्पॉनवर जागे झालात, आधी /होम मारून घरून ढाल-तलवार घेतली आणि मग /बॅक मारलं, तर तुम्ही परत स्पॉनवर येता. मधल्या /होममुळे मृत्यूची जागा पुसली गेलेली असते. यावर चांगला उपाय म्हणजे बेसवर रोज बिछान्यात झोपणं. म्हणजे मेल्यावर थेट बेसवरच जागे व्हाल, चेस्टमधून सामान घ्याल आणि तुमचं /बॅक शाबूत राहील.

‘५ मिनिटांत सामान नाहीसं होतं’ या भीतीने लोक रिकाम्या हाताने परत त्याच लाव्हाजवळ धावतात आणि दुसऱ्यांदा मरतात. तो ५ मिनिटांचा काळ तो भाग सर्व्हरवर चालू असेल तरच मोजला जातो. जवळपास कोणीच खेळाडू नसेल आणि तुम्ही लांब असाल तर घड्याळ थांबलेलं असतं. आधी चिलखत घाला, खायला घ्या. मृत्यूची जागा विसरली असेल आणि आवृत्ती १.१९ किंवा नंतरची असेल, तर रिकव्हरी कंपास शेवटच्या मृत्यूकडे दिशा दाखवतो.

लांब होम ठेवलं की पिकं वाढत नाहीत, ही तक्रारही याच कारणाने येते. खेळाडू जवळ नसेल तर तो भाग गोठलेला असतो. शेत वाढायला हवं असेल तर बेस आणि शेत जवळजवळ ठेवा.

दुसऱ्यांच्या बाबतीत

/टीपीए म्हणजे मी तुझ्याकडे येतो. /टीपीएहिअर म्हणजे तू माझ्याकडे ये. चॅटमध्ये आलेल्या विनंतीची ओळ पूर्ण न वाचता /टीपीॲक्सेप्ट मारणारे अनेक जण अनोळखी माणसाने खणलेल्या खड्ड्यात, लाव्हात किंवा चौघांच्या तलवारींमध्ये जाऊन पडलेत. विनंती मूळ सेटिंगमध्ये १२० सेकंद जिवंत असते, तेवढ्या वेळात वाचून निर्णय घ्यायला हरकत नाही. अनोळखी माणसाच्या विनंत्या येतच राहिल्या तर /टीपीटॉगल मारून त्या बंद करा.

याहून कमी बोललं जातं ते म्हणजे मित्राने तुमच्या बेसमध्ये सेट केलेलं होम. आज दोस्ती आहे, उद्या भांडण झालं, तुम्ही क्लेममधून, म्हणजे जमिनीवरच्या तुमच्या हक्काच्या नोंदीतून, त्याचं नाव काढलं. तरी त्याचं होम तुमच्या दिवाणखान्यातच आहे, कारण क्लेम आणि होम या दोन वेगळ्या नोंदी. ‘ग्रीफ प्रिव्हेन्शन’सारखं प्लगइन तुमचे ब्लॉक आणि चेस्ट वाचवतं, पण माणसाला तिथे येऊन उभं राहण्यापासून सहसा अडवत नाही. पाहुण्यांना होम सेट करायचंच असेल तर बेसच्या बाहेर, फाटकापाशी एक जागा दाखवा.

रिसोर्स वर्ल्डमध्ये कायमचं होम नको. लाकूड, दगड, धातू काढण्यासाठी ठेवलेलं हे जग ठरावीक काळाने पुसून नवं बनवतात, तेव्हा तुमचे आकडे कशावर येतील सांगता येत नाही : समुद्राचा तळ, डोंगराचं पोट, काहीही. तिथे ‘तात्पुरतं’ वापरा आणि रीसेटच्या घोषणा वाचत जा.

ॲडमिनकडे जाताना

सगळं करून झालं आणि होम मिळतच नसेल, तर ॲडमिनला ‘होम गेलं’ एवढंच सांगून उपयोग नाही. तुमचं नाव लहानमोठ्या अक्षरांसकट सांगा. होमचं नाव, ते कोणत्या जगात होतं, शेवटचं कधी चाललं आणि त्यानंतर तुम्ही काय काय टाइप केलं, हेही सांगा. बेसजवळचे अंदाजे आकडे आठवत असतील तर तेही. हे लपवू नका की तुम्हीच चुकून /सेटहोम मारलं असावं. तसं सांगितलंत तर काम झटपट होतं. कारण प्रत्येक खेळाडूने कोणती कमांड कधी दिली, हे सर्व्हरच्या लॉगमध्ये वेळेसकट नोंदलेलं असतं. जुने लॉग तारखेप्रमाणे वेगळे ठेवलेले असतात. तुम्ही वेळ सांगितली तर ॲडमिनला ती ओळ शोधायला फार वेळ लागत नाही. मग त्या वेळेच्या आधीचा बॅकअप असेल, तर तुमच्या फाइलमधले जुने तीन आकडे त्यातून काढून तो तुम्हाला थेट बेसवर नेऊन सोडू शकतो. पोचल्या पोचल्या, हलायच्या आधी, नाव देऊन होम सेट करा.